करंजपाड्याची आमदारीण

माझा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तो समोरच्या डोंगरावरून परत आलेला. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना एका वळणावर जीप थांबवली होती. खाली दरी, दरीत धुकं. मी माइक हातात घेऊन कुठल्याशा उमेदवाराचं नाव पुकारलं आणि दम घ्यायला थांबलो. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी तेच नाव घेतलं. माझ्यापेक्षा शांतपणे, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा जास्त विश्वासाने.

"कोण बोललं हो?" मी जीपवाल्या सलीमभाईंना विचारलं.

"आपणच की. दुसरं कोण येणार इथे ओरडायला?" ते म्हणाले आणि बिडी पेटवायला खाली उतरले.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या आवाजाच्या नादाने या डोंगरांत फिरलो. जव्हारच्या बाजारात माझं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, ट्रकची जुनी बॅटरी आणि माझा घसा, एवढंच भांडवल. लग्नं, पूजा, गणपती, पोलिओ डोसची दवंडी ही नेहमीची कामं. पण दर काही वर्षांनी निवडणूक यायची आणि सगळ्या तालुक्याला माझा घसा हवा असायचा. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. पालघर म्हणजे फक्त गाडी पकडायचं गाव.

बाहेरच्यांना वाटतं, प्रचाराची अनाउन्समेंट म्हणजे नुसती बोंबाबोंब. तसं नाही. सपाटीवर बोलणं वेगळं आणि डोंगरात वेगळं. डोंगरात लांब वाक्य चालत नाही. चार शब्द बोलायचे आणि थांबायचं. ते चार शब्द समोरच्या कड्याला लागून परत येईपर्यंत पुढचे सोडायचे नाहीत, नाहीतर गेलेले आणि आलेले शब्द मधेच एकमेकांवर आपटतात आणि खाली पाड्यावर नुसता गलका पोचतो. भोंग्याचं तोंड वाऱ्याच्या दिशेने हवं. धुक्याच्या दिवसांत माइकला रुमाल बांधायचा, गालात खडीसाखर ठेवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाव घेताना घाई करायची नाही. माणूस नांगर सोडून, डोक्यावरचा हंडा सावरून ऐकत असतो. त्याला नाव कळलं पाहिजे.

पक्ष कुठला, हे मी कधी पाहिलं नाही. सकाळी एकाचं काम, दुपारी दुसऱ्याचं. विशेषणं सगळ्यांना तीच. कार्यसम्राट, गोरगरिबांचे कैवारी, तरुणांचे आशास्थान. फक्त नाव बदलायचं. एक उमेदवार तर स्वतःचीच स्तुती ऐकत माझ्या शेजारी झोपी जायचे. मी थांबलो की दचकून उठायचे आणि म्हणायचे, "चालू ठेवा, चालू ठेवा." पाड्यांवर लोक जीप अडवायचे ते मतासाठी नव्हे. कुणाची म्हैस हरवलेली असायची, कुणाच्या पोरीची हळद असायची. "भोंगेवाले, एवढं सांगा ना पुढल्या गावाला." मी सांगायचो. एका म्हशीची बातमी आमदारकीच्या प्रचारातून पार खोडाळ्यापर्यंत गेली आणि ती सापडलीसुद्धा. उमेदवार पडले.

अशा धंद्यात ताराबाई आली.

ती निवडणूक दोन हजार सालानंतरची. मतदानाचं यंत्र आमच्याकडे नवंच आलं होतं. पाऊस ओसरत आला होता. दुपारी दुकानात सोल्डरिंग करत बसलो होतो, तर दारात एक बाई उभी. चाळिशीची असेल. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हाताची बोटं जाड आणि नखं तुटलेली. एसटीने आली होती.

"भाऊ, तुमचा भोंगा पाहिजे."

"लग्न आहे का?"

"नाय. मी उभी हाय."

मला वाटलं, बसायला सांगितलं नाही म्हणून म्हणते आहे. मी स्टूल पुढे केलं. ती हसली. "तशी नाय हो. आमदारकीला उभी हाय. शिडी निशाणी मिळालीय."

ताराबाई खोडाळ्याकडची, कातकरी घरातली. कातकऱ्यांना या डोंगरात जमीन अशी नव्हतीच. आईबाप वीटभट्टीवर जायचे, त्यामुळे तिची शाळा तुकड्यातुकड्यांनी चौथीपर्यंत झाली. मग रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला लागली आणि पुढे त्याच टोळीची मुकादम झाली. बाई मुकादम तेव्हा दुर्मीळच. टोळीतल्या बायांनीच लावून धरलं होतं, आम्ही हिच्याच हाताखाली राबू. मागच्या उन्हाळ्यात एका रस्त्याचं काम मधेच बंद पडलं. कचेरीत गेली तर म्हणाले, आमदारांना भेटा. बंगल्यावर गेली तर म्हणाले, साहेब झोपलेत. साहेब मुंबईला गेलेत. साहेब आत्ताच बाहेर पडले.

"फाटकाशी बसून बसून माझ्या मनात आलं," ती म्हणाली, "आत कोन बसल ते आपनच ठरवतो ना? मंग आपनच का नाय?"

मी वही काढली. म्हटलं, ताई, आधी परिचय बनवू. मी नेहमीच्या सवयीने सुरू केलं, "आदिवासींची वाघीण, रणरागिणी..."

"वाघीन नको," ती म्हणाली. "वाघ आमच्या बकऱ्या नेतो."

हसू आवरून मी पुढची विशेषणं काढली. एकेक करून तिने सगळी परत केली. शेवटी तिने सांगितलं ते असं: मी तारा. मी खडी फोडते. तुम्ही ज्या रस्त्याने जाता त्यातला पुष्कळसा मी आणि माझ्या बायांनी केला आहे. बस.

मग मागण्या. त्या तीनच होत्या. गावाजवळ काम निघावं, म्हणजे दिवाळीनंतर घरांना कड्या लावून भिवंडी-वसईकडे जावं लागणार नाही. आश्रमशाळेत पोरींजवळ रात्री एक बाई राहावी. आणि करंजपाड्यापाशी नदीवर साकव व्हावा, माणसांपुरता अरुंद पूल. मी लिहिलं, 'हे सर्व मी करीन.'

तिला लिहिलेलं नीट वाचता येत होतं. 'करीन'वर बोट ठेवून म्हणाली, "हे खोडा. 'मागेन' लिवा."

"ताई, 'मागेन' म्हणणाऱ्याला कोण मत देतं? सगळे 'करीन' म्हणतात."

"जन्मभर मागतच आलो आमी. फाटकाच्या बाहेरून मागतो. मला म्हनावं, आत जाऊन मागू द्या."

मी खोडलं.

तो प्रचार मला आजही कधी कधी दुपारच्या झोपेत दिसतो. डोंगरउतारावर खुरासणी फुलली होती. धुकं जीपच्या पुढे पुढे चालायचं, आणि ते फाटलं की एकदम पिवळा उतार समोर यायचा आणि पुन्हा मिटायचा. नागलीची कणसं वळायला लागली होती. सलीमभाई हळू चालवायचे. मी चार शब्द बोलायचो, थांबायचो. "मी तारा." पलीकडून, "मी तारा." "शिडी निशाणी." "शिडी निशाणी." पुरुषाच्या आवाजात 'मी तारा' म्हणायला पहिल्या दिवशी मला लाज वाटली. पण माझा आवाज परत यायचा तेव्हा तो पुरुषाचा की बाईचा हे कळायचं नाही. डोंगर त्याला कुठे कुठे फिरवून, घासून, मऊ करून पाठवायचा.

ताराबाई मागच्या सीटवर बसायची. भाषण करायची नाही, माइकला हात लावायची नाही. म्हणायची, "त्यातून बोलली का माझी मी राहात नाय." ती फक्त बाहेर बघायची आणि रस्ता ओळखायची. "ही मोरी आमची. इथं काशीला इंचू चावला." थोडं पुढे, "या वळनावर मंगळीचा पोरगा झाला. दुपारी झाला, संध्याकाळी ती म्हनते घमेलं दे." ओढ्याचं पाणी जायला मोऱ्यांमधून रस्त्याखाली घातलेला एकेक पाइप तिच्या ओळखीचा होता. त्या घाटातून मी हजारदा गेलो असेन. तो मला नुसता रस्ता वाटायचा. तिच्याबरोबर बसल्यावर वाटायला लागलं की आपण कुणाच्या तरी घरातून जातो आहोत, चपला घालून.

पाड्यावर जीप थांबली की ती उतरून सरळ चुलीपाशी जायची. बाया तिला रागवायच्या, काम कधी निघणार म्हणून. ती म्हणायची, "मला काय ठाव? मी अजून फाटकाबाहेरच हाय." एक म्हातारी शिडीचं चित्र निरखून म्हणाली, "ही कुठं न्यायची?" ताराबाई म्हणाली, "माळ्यावर. बघू तरी धान्य कुठं ठिवलंय."

लोक हसायचे. आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की ते नुसते हसत नाहीत. जीप निघाली तरी पोरं मागे धावत नव्हती, मोठी माणसं शांत उभी राहून बघत होती. सलीमभाईही एकदा म्हणाले, "प्रभाकरभाऊ, ये बाई कुछ करेगी." कुठल्याच उमेदवाराविषयी त्यांनी आजवर असं म्हटलं नव्हतं.

हे समोरच्यांच्याही लक्षात आलं असणार. समोरचे म्हणजे ते फाटकवाले साहेब.

प्रचाराचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला भोंगे बंद करायचे होते. दुपारी आम्ही खोडाळ्याच्या बाजारात आलो. सुकट, मिरच्या, बांगड्या, गर्दी. मी माइक हातात घेणार तोच टोळीतली काशी गर्दीतून आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"तारे, तू बसली?"

आमच्या निवडणुकीच्या भाषेत उमेदवार 'उभा' राहतो आणि माघार घेतली की 'बसतो'. ताराबाईला आधी कळलंच नाही. "कुठं बसली? जीपमंदी होती मी."

"सकाळी गाडी आलती भोंग्याची. सगळ्या पाड्यांनी बोलत गेली, का तारा बसली, सायबांना मत द्या म्हनते. तिकडं करंजपाड्याला बाया रडल्या. म्हनल्या, हिनं पन आपल्याला इकलं."

गाडी बाहेरची होती. आवाज नाशिककडचा, चांगला कसलेला. भोंगाही चांगला असणार, कारण अगदी आतल्या पाड्यांपर्यंत शब्द न् शब्द पोचला होता. मोबाइल तेव्हा या भागात नव्हते. भोंग्यातून जे येईल तेच खरं.

मी म्हटलं, "ताई, जव्हारला चला. तक्रार देऊ. हा गुन्हा आहे."

ती मिरचीच्या ढिगाशेजारी उभी होती. मग म्हणाली, "तक्रार लिवायला जव्हारला जाऊन बसली तर पाच वाजतील. म्हंजी खरंच बसली. चला करंजपाड्याला."

वाटेतल्या पाड्यांवर आम्ही ओरडत गेलो. मी खडीसाखर थुंकून टाकली होती. "ताराबाई बसलेल्या नाहीत. ताराबाई उभ्या आहेत." पण लोक नुसते बघायचे. एका पाड्यावर एक माणूस जीपजवळ आला आणि मला म्हणाला, "सकाळचा भोंगा म्हनतो बसली. तुजा भोंगा म्हनतो उभी. भोंगा कोनचा खरा?"

त्याला ताराबाई दिसत होती, म्हणून त्याचं समाधान झालं. जिथे ती दिसू शकत होती तिथे प्रश्न मिटत होता. पण करंजपाडा आणि त्याच्या आसपासच्या वाड्या नदीच्या पलीकडच्या डोंगरावर. पलीकडच्या बाजूने पाड्यावर येणारा रस्ता पावसात वाहून गेला होता. नदी उतरून चढून जायचं तर पाच वाजून गेले असते, अंधारच पडला असता. सलीमभाईंनी जीप एका माळावर थांबवली. पुढे चाक जाणार नव्हतं.

"कड्यावर जाऊ," ताराबाई म्हणाली. "तिथून पाडा समोर हाय."

बॅटरी सलीमभाईंनी डोक्यावर घेतली. अॅम्प्लिफायर मी छातीशी धरला. आणि भोंगा ताराबाईने उचलला. चुंबळ केली, घमेलं ठेवावं तसा तो डोक्यावर ठेवला आणि खुरासणीच्या मधून चालायला लागली. मी मागून चालत होतो. कमरेइतक्या पिवळ्या फुलांतून एक भोंगा तरंगत चाललेला, पुढे पांढरं धुकं. मला वाटलं, आपण कुठे चाललो आहोत हे या क्षणी कुणी विचारलं तर आपल्याला सांगता येणार नाही.

कड्यावर आलो. समोर काही दिसत नव्हतं. दरी धुक्याने भरलेली, पलीकडचा डोंगर नाहीच. फक्त खाली नदीचा आवाज. मी वायरी जोडल्या, रुमाल बांधला आणि आयुष्यात बोललो नसेन इतक्या निगुतीने बोललो. "करंजपाड्याच्या ग्रामस्थांनो. ताराबाई बसलेल्या नाहीत. सकाळची बातमी खोटी आहे."

शब्द गेले. परत आले. त्यानंतर शांतता.

मी पुन्हा बोललो. पुन्हा शांतता. मला माहीत होतं, ते ऐकत आहेत. अशा वेळी पाड्यावर प्रत्येक जण अंगणात येऊन उभा असतो. पण सकाळी जो आवाज आला तोही असाच होता. स्वच्छ, थांबून थांबून बोलणारा, पुरुषाचा, भोंग्याचा. मी आणि तो नाशिकवाला, आमच्यात त्यांनी फरक कशाने करावा? इतकी वर्षं मी ज्या आवाजावर पोट भरलं, ज्याचा मला थोडा गर्वच होता, तो त्या कड्यावर एकदम फुकट गेला. माझ्या हातात माइक जड झाला.

मी तो ताराबाईपुढे धरला.

"नको भाऊ."

"ताई, माझं ते ऐकणार नाहीत. मी कोण त्यांचा?"

तिने माइक घेतला. चुलीतून पेटतं लाकूड उचलावं तसा, लांब धरून. तोंडाशी नेला. भोंग्यातून नुसता तिचा श्वास जायला लागला. त्या सगळ्या दरीत तिचा श्वास. सलीमभाईंनी टोपी काढून हातात घेतली.

मग ती बोलली. "सोमाआजा."

थांबली. मी शिकवलं नव्हतं तरी थांबली.

"मंगळे. बुधी. काशीची सासू." पुन्हा थांबली. "मी तारा. मोरीवर दगड उचलले ना आपन? पावसात भाकरी भिजली, तरी खाल्ली ना? ती तारा. मी बसली नाय. मी उभी हाय. कड्यावर उभी हाय."

आवाज फाटला होता, माइक तोंडाला चिकटवल्यामुळे भोंगा किंचाळला. अनाउन्सर म्हणून मी त्याला काही गुण दिले नसते. शब्द धुक्यात गेले. कड्याला लागून परत आले, "उभी हाय".

आणि मग तिकडून, धुक्याच्या आतून, एक लांब 'कूऽऽ' आली. डोंगरात माणसं एकमेकांना अशीच साद घालतात. मग दुसरी, थोडी वरून. मग डावीकडच्या वाडीवरून. मग कितीतरी. एकही माणूस दिसत नव्हता. नुसता डोंगर साद घालत होता. ताराबाईने माइक माझ्या हातात दिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि भोंग्याशिवायच उत्तर दिलं.

थोड्याच वेळात पाच वाजले. मी बॅटरी सोडवली.

ताराबाई पडली. हे सांगायला जास्त वेळ लावण्यात अर्थ नाही. साहेब निवडून आले, जव्हारला गुलाल उधळला, त्यांच्या मिरवणुकीला भोंगाही माझाच होता. जिथवर ती पोचू शकली नाही तिथे ती 'बसलेली'च राहिली. त्या गाडीची तक्रार आम्ही मागाहून दिली. तिचं काय झालं ते मला कधी समजलं नाही. आपल्याकडे आणखी एक दिवस असता तर, असं मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं.

निकालानंतर ती पुन्हा दुकानात आली. "आभार मानायला जायचंय," म्हणाली. पडलेला उमेदवार आभाराच्या फेरीला निघालेला मी पाहिला नव्हता. सलीमभाईंनी जीप काढली. यावेळी भोंगा नव्हता. माळावर जीप ठेवून आम्ही नदीकडे उतरलो. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता आणि पाणी अजून मांडीपर्यंत होतं, ओढही जोराची. एकमेकांचे हात धरून कसेबसे पलीकडे गेलो आणि डोंगर चढलो.

करंजपाड्याच्या वेशीवर ढोल वाजत होता. मला वाटलं लग्न असेल. पण लोक आमच्याकडेच येत होते. पुढे सोमाआजा, पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस, पांढरा शर्ट घालून. हातात खुरासणीच्या फुलांचा हार. बायांनी अंगण सारवलं होतं, मधे एक खाट टाकली होती. ताराबाईच्या गळ्यात हार पडला. कुणीतरी ओरडलं, "आमदारीन आली!"

मला वाटलं, निकालाची बातमी इथे पोचलीच नाही.

ताराबाईचा चेहरा उतरला. तिने हार काढायला हात घातला. "आजा, ऐक ना. मी पडली. मी आमदार नाय झाली."

ढोल थांबला. सोमाआजाने तिच्याकडे पाहिलं, मग मागे वळून लोकांकडे पाहिलं. तो गोंधळला असेल असं मला वाटलं, पण तसं नव्हतं.

"ठाव हाय," तो म्हणाला. "मास्तर सांगून गेला काल. खोडाळ्याला तू पडली, जव्हारला पडली, मोखाड्याला पडली. आमच्या पेटीत तूच निवडून आली. मंग आमची आमदारीन कोन?"

यंत्राला ते पेटीच म्हणत. आणि तो म्हणत होता ते खरं होतं; त्यांच्या केंद्रावर बहुतेक सगळी मतं शिडीलाच पडली होती.

"बस," सोमाआजा खाटेकडे हात करून म्हणाला. मग स्वतःच हसला. "आता बसली तरी चालल."

ती बसली. मीही एका दगडावर बसलो. उन्हं कलली होती, सारवणाचा ओला वास येत होता. एकेक जण पुढे येऊन बोलत होता. कुणाचा रेशनचा त्रास, कुणाच्या पोराला ताप. ती ऐकत होती, खरोखरच्या आमदारापेक्षा कितीतरी अवघडून. मधे मधे माझ्याकडे बघायची, हे काय चाललंय अशा नजरेने. मलाही कळत नव्हतं. कुणी ते मोडत नव्हतं आणि मोडावं असं वाटतही नव्हतं.

शेवटी मंगळी उठली. "दिवाळीची सुट्टी लागल आता. पोरी शाळेतून येतील आन् नदीपाशी अडकतील. मागल्या साली माजी पोर तिकडंच राहिली, दिवाळीभर पाव्हन्याकडं. यंदा तिनं यावं."

इतर मागण्यांना ताराबाई 'विचारते', 'मागते' म्हणाली होती. याला तसं म्हणाली नाही. नदीच्या दिशेने बघत बसली. मग विचारलं, "ते लोखंडी खांब अजून पडलेत?"

विजेची लाइन येणार म्हणून कितीतरी वर्षांपूर्वी खांब आणून टाकले होते. वीज आली नाही. खांबांवर वेल चढले होते.

मी म्हटलं, "ताई, ते सरकारी आहेत."

"मी कोन हाय?" ती म्हणाली. अंगणात एकच हशा उसळला, आणि सगळ्यात मोठ्याने तीच हसली. मग म्हणाली, "वीज आली का काढून देऊ. उद्या सकाळी फावडी, पहारी, घमेली. बाया दगड, बापे खांब. नदी जिथं दोन कातळांत अरुंद होती तिथं."

आम्ही राहिलो. सकाळी ती खाटेवरची बाई राहिली नव्हती. पदर खोचून नदीत उभी, मुकादम झालेली. "ह्या बाजूनं लावा. तो नको, तो फुटल. भाऊ, नुसता बघता काय?" मीही दगड वाहिले. सलीमभाईंनी जीपमधला दोर आणला. पात्राच्या मधोमध असलेल्या एका कातळाभोवती दगडांचा पक्का चौथरा झाला, त्यावर दोन्हीकडून खांब टेकले, वर बांबू आडवे बांधले. तो साकव नव्हता. हात धरायला कठडा नव्हता, आणि पुढच्या पावसात तो जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. खरा साकव पुढे बऱ्याच वर्षांनी झाला, जरा वरच्या अंगाला, आणि त्याच्या दगडावर साहेबांचं नाव आहे. ताराबाईने ते बघून एवढंच म्हटलं, "झाला ना? बेस झालं." पुन्हा ती कधी उभी राहिली नाही. करंजपाड्याने मात्र तिला शेवटपर्यंत आमदारीणच म्हटलं, आणि तिनेही त्यांचे अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायचं सोडलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला पोरी आल्या तो दिवस मी मुद्दाम बघायला गेलो होतो. सकाळचं धुकं नुकतं वर उचललं जात होतं. पलीकडच्या काठावर आश्रमशाळेच्या निळ्या गणवेशातल्या पोरी, डोक्यावर पत्र्याच्या पेट्या. अलीकडे, माझ्या बाजूला, अख्खा पाडा. बांबू दवाने ओले झाले होते आणि पहिली पोर पाय टाकायला घाबरत होती. ताराबाई नदीत उतरली. मधल्या चौथऱ्याशी, कमरेइतक्या पाण्यात, खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "ये. माझ्यावर हात ठेव."

पोरी एकामागून एक आल्या. मधे पोचली की प्रत्येक पोर वाकायची, तिच्या डोक्यावर हात टेकायची आणि पुढे जायची.